माझ्या नावाचं पाकीट घरात दुसरंच कुणी उघडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका ई-सेवा केंद्रात मी फॉर्म भरण्याचं काम करते. पॅन, पासपोर्ट, बँकेचं केवायसी, शिष्यवृत्ती, जे येईल ते. नाव, जन्मतारीख लोक पटापट सांगतात. पत्त्याच्या रकान्याशी आलं की काहीजण अडखळतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, घरचाच पत्ता टाकावा लागतो का?" खोदून विचारलं तर कारण बहुतेक वेळा एकच निघतं, घरी आलेलं पत्र आपल्या आधी दुसरंच कुणीतरी उघडतं. खालचे प्रश्न त्या खुर्चीवर बसून ऐकलेले आहेत. मी वकील नाही, त्यामुळे जिथं वकिलाकडे जायला हवं तिथं तसं सांगितलं आहे.

घरच्याच माणसानं पत्र उघडलं तर बिघडलं कुठं?

पूर्वी फारसं बिघडत नव्हतं, हे मान्य. पोस्टकार्ड तर उघडंच यायचं, पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं वाचून झालेलं असायचं. तार आली की ज्याच्या हाती पडेल तो फोडायचा, कारण तार म्हणजे कुणीतरी गेलं किंवा जायच्या वाटेवर आहे. निधनाचं पत्र तर वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पत्रावर नाव एकाचं असलं तरी ते घराला आलेलं असायचं. साठीच्या पुढच्या माणसांचा हात अजून त्याच सवयीनं पाकिटाकडे जातो, त्यात दरवेळी वाईट हेतू शोधू नये.

पण तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, आणि "इकडील सर्व क्षेम" लिहिणारेही आता उरले नाहीत. आज पाकिटातून येतं ते क्रेडिट कार्डाचं बिल, थकलेल्या हप्त्याचं पत्र, रक्ततपासणीचा रिपोर्ट, वकिलाची नोटीस, बदलीची ऑर्डर. सुनेनं माहेरच्या नावे काढलेल्या ठेवीची पावती सासूच्या हाती पडते आणि पुढचे सहा महिने जेवणाच्या ताटावर तोच विषय. बिघडतं ते इथं.

उघडणारा सवयीनं उघडतो की मुद्दाम, हे कसं ओळखायचं?

उघडलेलं पत्र नंतर कुठं सापडतं ते बघा. मला तरी यापेक्षा खात्रीची खूण माहीत नाही.

टीव्हीच्या शोकेसवर, बाकीच्या कागदांबरोबर, वरची कड सरळ फाडून ठेवलेलं सापडलं तर ती सवय आहे. अप्पांनी विजेच्या बिलाबरोबर तुमचंही पाकीट फोडलं, आपल्या कामाचं नाही म्हणून बाजूला टाकलं. पत्र मिळतं, पण आधी त्यावर चार प्रश्न विचारले जातात ("हे कसलं कर्ज काढलंस गं?"), तेव्हा कुतूहल किंवा काळजी असते. दोन्हींची भेसळ बहुतेक घरांत असतेच.

पत्र कपाटात, गादीखाली, कुणाच्या तरी पिशवीत सापडतं, किंवा सापडतच नाही आणि बँकेत विचारल्यावर "पाठवलंय" असं उत्तर मिळतं, तेव्हा मामला वेगळा आहे. पाकीट परत चिकटवलेलं असेल तर तर विचारूच नका. भाताच्या शितांनी चिकटवलेली जागा वाळली की कागद तेवढ्यापुरता कडक होतो आणि जरा सुरकुततो, बोट फिरवलं तरी कळतं. परत चिकटवणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. त्याला "चुकून झालं असेल" अशी पळवाट तुम्ही स्वतःहून देऊ नका.

परीक्षा म्हणून स्वतःलाच खोटं पत्र पाठवणारेही भेटलेत. त्या फंदात पडू नका. सापळा लावल्याचं बाहेर पडलं की मूळ प्रश्न राहतो बाजूला आणि तुम्ही कसे कपटी, यावर घर बसतं.

नाव सारखं असल्यामुळे उघडलं असेल तर?

सोलापुरात हे खरोखर होतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी आणि पुढं नुसती आद्याक्षरं असंही लिहितात. एका घरात दोन 'एस. आर.' असले की पोस्टमन तरी काय करणार, आणि थोरल्या 'एस. आर.'नं पाकीट उघडलं तर त्याला दोष कसा द्यायचा? बँक, विमा, आधार, सगळीकडे स्वतःचं आणि वडिलांचं नाव पूर्ण लिहून घ्या. विडी घरकुलासारख्या वसाहतीत घरांचे नंबर एका साच्यातले असतात, एक आकडा चुकला की पत्र चुलत्याच्या दारात. नंबरासोबत गल्ली आणि ठळक खूण लिहा, पिनकोड तपासा. 413001 हा मुख्य टपाल कार्यालयाचा पिन आहे, सगळ्या शहराचा नाही, आणि निम्मे लोक डोळे झाकून तोच सांगतात.

सांगायचं कसं? घरात थोरल्यांना तोंड वर करून बोलता येत नाही.

तोंड वर करून बोलायची गरजही नसते. एक वाक्य लागतं आणि ते भांडणाच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या दिवशी, समोर तिसरं कुणी नसताना म्हणायचं असतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तर अजिबात नको.

सासऱ्यांना: "मामा, माझ्या नावाचं पाकीट आलं तर ते तसंच फ्रिजवर ठेवत जा. काही महत्त्वाचं असेल तर मी येऊन सांगते." या वाक्यात आरोप नाही. पाकीट कुठं ठेवायचं ती जागा आहे, आणि त्यांना वाळीत टाकलेलं नाही हेही आहे. जागा सांगणं फार उपयोगाचं. "उघडू नका" म्हटलं की हाताला काम उरत नाही आणि हात परत पाकिटाकडेच जातो.

आईला: "आई, पत्र आलं की मला फोन कर, मी सांगेन उघड म्हणून." आईला यातली फोन करण्याची संधी आवडते, हा अनुभव आहे.

थोरल्या भावाला जरा सरळ बोलावं लागतं: "अण्णा, माझा हप्ता मी भरतोय ना? मग माझं बँकेचं पत्र मीच उघडतो."

जाऊबाईंना सांगताना नवऱ्याला मध्ये घालू नका. दोघींतली गोष्ट दोन भावांत गेली की ती पाकिटाची राहत नाही, वाटणीची होते.

सासूबाईंना सांगायचं असेल तर मात्र शक्यतो नवऱ्यानं सांगावं, आणि "ती म्हणत होती" असं न म्हणता स्वतःचं म्हणून सांगावं: "आई, आमची दोघांची पाकिटं आम्हीच उघडतो." नवरा एवढंही बोलायला तयार नसेल तर अडचण पाकिटापुरती नाही, पण तो विषय इथला नाही.

एकदा सांगून भागत नाही. दुसऱ्यांदा पाकीट उघडं मिळालं की त्याच दिवशी, त्याच शब्दांत, आवाज न चढवता परत म्हणा. महिनाभर साठवून मग एकदम फुटणारे लोक बरोबर असूनही हरतात.

"लपवण्यासारखं काय आहे एवढं?" किंवा "उघडलं म्हणून काय सोनं सांडलं का?" असं म्हणाले तर?

"काहीच नाही, तरी मीच उघडणार" असं म्हणून हसायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. पत्रात काय होतं हे सांगत बसलात की तुम्ही स्पष्टीकरण देणारे झालात आणि विचारणारा न्यायाधीश.

सासरे म्हणतात, घर माझं, पत्ता माझा, दारात आलेलं मी उघडणार.

पत्ता हे फक्त पोचवायचं ठिकाण. पत्र ज्याचं नाव वर आहे त्याचं. घराचा उतारा त्यांच्या नावावर असला तरी त्यानं तुमच्या बँकेच्या पाकिटावर त्यांची मालकी येत नाही. मात्र हा मुद्दा त्यांच्याशी वादात घालू नका. घर कुणाचं हा प्रश्न आपण होऊन काढायचा नसतो.

कायद्यात हा गुन्हा आहे का?

लोकांना "हो, सहा महिने जेल" असं उत्तर हवं असतं. ते अर्धवट आणि जुनं आहे.

1898 च्या भारतीय पोस्ट ऑफिस कायद्यात कलम 69 होतं. पोस्टाचा कर्मचारी नसलेल्या माणसानं दुसऱ्याला इजा करण्याच्या इराद्यानं, द्वेषबुद्धीनं त्याचं पत्र उघडलं किंवा पोचू दिलं नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अट नीट वाचा: इराद्यानं आणि द्वेषबुद्धीनं. शोकेसवर ठेवणारे अप्पा त्यात तेव्हाही बसत नव्हते. आणि आता तो कायदाच राहिला नाही. 18 जून 2024 पासून पोस्ट ऑफिस अधिनियम 2023 लागू झाला आणि जुन्या कायद्यातली अशी शिक्षेची कलमं त्यात घेतलेली नाहीत. इंटरनेटवरच्या अनेक लेखांत अजून कलम 69 च छापलेलं दिसतं, त्याच्या भरवशावर कुणाला धमकी देऊ नका.

मग हातात काय उरतं? पाकिटातलं काही काढून घेतलं, म्हणजे चेक, कार्ड, ठेवीची पावती, तर भारतीय न्याय संहितेतली चोरीची (कलम 303) किंवा अप्रामाणिकपणे अपहाराची (कलम 314) बाजू येते. तुमच्या नावानं खोटी सही केली तर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा, आणि तो गंभीर. नुसतं उघडून वाचलं आणि परत ठेवलं, याला पोलीस ठाण्यात फार तर तुमचं म्हणणं ऐकून घेतील.

खासगीपणाच्या हक्काचं काय, असंही विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरं. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचे असतात. काकांविरुद्ध त्या निकालाचा कागद घेऊन चौकीत गेलात तर काम होणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंही घरगुती, वैयक्तिक कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला वगळलं आहे. मला हे कायदे ग्राहकांना समजावून सांगताना बरं वाटत नाही, पण खोटा दिलासा देऊन पाठवण्यापेक्षा बरं.

नवरा-बायकोत तरी एकमेकांची पत्रं उघडता येतात ना?

लग्नामुळे तसा वेगळा अधिकार मिळत नाही. दोघांत ठरलेलं असेल तर प्रश्नच नाही, बऱ्याच घरांत तसं असतंही.

वाद कोर्टात गेला असेल तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. "चोरून मिळवलेला पुरावा चालत नाही" या समजुतीवर विसंबू नका. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटाच्या एका प्रकरणात जोडीदाराचं गुपचूप केलेलं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल असा निकाल दिला. वाद सुरू झाल्या दिवसापासून तुमची पत्रं कुठं येतात हे वकिलाला विचारून बदलून घ्या.

मुलाची किंवा मुलीची पत्रं आई-वडिलांनी उघडावीत का?

अठरा पूर्ण होईपर्यंत उघडू शकता, मुलाच्या बँक खात्याला बहुतेक वेळा पालक म्हणून तुमचीच सही असते. त्या जुन्या कलम 69 मध्येसुद्धा अज्ञान मुलांच्या पालकांना सूट होती. अठरानंतर नाही. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीचं कॉलेजचं पत्र घरी आलं तर फोटो काढून पाठवा आणि विचारा, उघडू का. फी तुम्ही भरता म्हणून पत्र तुमचं होत नाही. यावर आमच्याच केंद्रात एका वडिलांनी माझ्याशी चांगलाच वाद घातला. चहा पिऊन गेले, मत बदललं नाही.

पोस्टात काही व्यवस्था होते का?

होते, आणि फार कमी लोक वापरतात.

सगळ्यात सोपं म्हणजे आपल्या भागाच्या पोस्टातल्या पोस्टमास्तरांना लेखी अर्ज देऊन पत्रं दुसऱ्या पत्त्यावर वळवून घेणं. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. ही सोय ठरावीक मुदतीची असते, मुदत विचारून घ्या आणि संपायच्या आधी परत अर्ज करा.

दुसरं, पोस्टातच भाड्यानं पेटी घेणं. वर्षाचं भाडं भरलं की एक क्रमांक मिळतो, पत्त्यात तोच लिहायचा आणि जाऊन पत्रं घेऊन यायची. व्यापारी लोक पूर्वीपासून वापरतात. एकट्या बाईनं पेटी घेतल्याचं आमच्या ओळखीत उदाहरण आहे, आणि तिथल्या कारकुनानं एक अक्षरही जास्त विचारलं नाही.

तिसरं, थोड्या दिवसांपुरतं पत्र पोस्टातच ठेवून घेणं. पत्त्याच्या जागी आपलं नाव, 'पोस्ट रेस्तांत' आणि त्या टपाल कार्यालयाचं नाव-पिन लिहायचं, ओळखपत्र दाखवून सोडवायचं. ही सोय मुळात फिरतीवरच्या लोकांसाठी, कायमची वापरता येत नाही.

पाठवणारा तुमच्या ओळखीचा असेल, म्हणजे वकील, भाऊ, कंपनी, तर त्यालाच सांगा. 2025 पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टात विलीन झालं. पण स्पीड पोस्ट करतानाच 5 रुपये आणि वर जीएसटी भरून 'नोंदणी'ची जोड घेता येते, म्हणजे पाकीट ज्याचं नाव आहे त्याच्याच हाती द्यायचं. तेवढ्याच पैशांत ओटीपी दाखवल्यावरच ताबा देण्याचीही सोय आहे. ओटीपी तुमच्या मोबाईलवर यायला हवा, सासूबाईंच्या नव्हे. पाठवणाऱ्याला नंबर सांगताना हे तपासा, हसू नका, असं होतं.

साधं टपाल मात्र पत्त्यावर टाकलं की पोस्टाचं काम संपलं. दारातल्या पेटीला कुलूप लावता येतं, नव्या पेठांमधल्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाची वेगळी पेटी असते. पूर्व भागात खाली कारखाना आणि वर घर अशा ठिकाणी पत्र सुताच्या पोत्यावर पडलेलं असतं आणि जो चहाला उठेल तो घेऊन वर जातो. तिथं कुलुपाचा उपयोग नाही.

मग फॉर्ममध्ये पत्ता कुठला टाकू?

बहुतेक फॉर्मांत कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असे दोन रकाने असतात. कायमचा पत्ता कागदपत्रांप्रमाणेच लिहायचा, त्यात चलाखी करू नका. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा चालतो. नोकरी असेल तर ऑफिसचा सगळ्यात चांगला. दुकानाचा पत्ता देणार असाल तर तिथं पाकीट कोण घेतं ते आठवून बघा, बहुतेक वेळा तेच थोरले भाऊ असतात.

माहेरचा पत्ता देताना जरा विचार करा. एक मुलगी आली होती, हातात पॅनचा अर्ज, पत्रव्यवहारासाठी माहेरचा, अक्कलकोटचा पत्ता लिहायला सांगत होती. लिहायला घेतला, तेवढ्यात तीच म्हणाली, "पण तिथं वहिनी उघडते." शेवटी ती शिकवते त्या शाळेचा पत्ता दिला. मैत्रिणीचा पत्ता चालतो, फक्त मैत्रिणीला आधी विचारा, आणि तिच्या घरी पाकीट कोण घेतं हेही.

पासपोर्टची गोष्ट वेगळी. तो अर्जातल्या पत्त्यावर, स्वतः अर्जदाराच्याच हाती, ओळख पटवून देतात. त्या दिवशी घरी थांबा.

सगळं ऑनलाइन केलं की सुटलो ना?

अर्धे सुटलात. बँकेचं कागदी स्टेटमेंट बंद करून ई-मेलवर मागवा, विम्याचंही तसंच, कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये ठेवा. पाकीटच येणार नाही.

पण त्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो? बऱ्याच बँकांचा जन्मतारीख किंवा पॅन. ई-आधारचा तर सगळ्यांनाच ठाऊक, इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. तुमची जन्मतारीख घरात कुणाला माहीत नाही? बाहेरच्या चोरासाठी बरं कुलूप, घरच्यासाठी कडीसुद्धा नाही. फाईल उतरवली की घरच्या कॉम्प्युटरवरून पुसून टाका, आणि बँकेत पासवर्ड बदलता येत असेल तर बदला.

त्याहून मोठी फट ई-मेलमध्ये. अनेकांचं खातं दहावीनंतर मामेभावानं किंवा भावजींनी काढून दिलेलं असतं, आणि पासवर्ड परत मिळवायचा नंबर अजून त्यांचाच असतो. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन तो नंबर आणि तिथं दिसणारी अनोळखी उपकरणं काढून टाका. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली उपकरणं' उघडून पाहा. घरच्या लॅपटॉपवर एकदा उघडून ठेवलेलं खातं तिथं निवांत चालू असतं.

आणि आधारला जोडलेला मोबाईल. तो वडिलांचा किंवा नवऱ्याचा असेल तर तुमच्या प्रत्येक कामाचा ओटीपी आधी त्यांच्याकडे जातो. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोट ठेवायचं आणि 75 रुपये भरायचे. मी तर सगळ्यांत आधी हेच करायला सांगते, पत्ता नंतर.

दुसऱ्याच्या खात्यात शिरून पासवर्ड वापरणं मात्र कागदी पत्रासारखं मोकळं सोडलेलं नाही. अप्रामाणिक हेतूनं तसं केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 आणि 66सी खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पुरुषानं एखाद्या स्त्रीच्या ई-मेल, इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं हे न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येतं. गंमत बघा, पाकिटापेक्षा पासवर्डला कायद्याचं पाठबळ जास्त आहे.

कोर्टाचं किंवा वकिलाचं पाकीट घरच्यांनी घेतलं आणि मला दिलंच नाही तर?

हे सगळ्यात महागात पडतं. तुम्ही घरी नसताना समन्स तुमच्यासोबत राहणाऱ्या प्रौढ नातेवाइकाच्या हाती देता येतं. दिवाणीत तशी तरतूद आहे, आणि फौजदारीत नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 66 नं पूर्वीचा 'पुरुष' हा शब्द काढल्यामुळे आता घरातली बाईही ते घेऊ शकते. म्हणजे काकूंनी सही केली की कोर्टाच्या दृष्टीनं तुम्हाला कळलं.

चेक न वटल्याच्या नोटिशीचं तर विशेष जपा. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस मिळतात. "तो घरी नाही" म्हणून कुणी पाकीट परत पाठवलं तरी बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असं सहसा धरलं जातं. चादर-टॉवेलच्या धंद्यात उधारी आणि पुढच्या तारखेचे चेक रोजचेच, त्यामुळे असं पाकीट कपाटात आठवडाभर पडलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पत्र उशिरा हाती आलं तर पाकीट फेकू नका, त्यावरचे शिक्के आणि तारखा वकिलाला दाखवा. स्पीड पोस्ट कधी पोचलं ते क्रमांक टाकून ऑनलाइन बघता येतं. घरात हा प्रकार होत असेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर अधूनमधून स्वतःचं नाव टाकून पाहत जा.

चेकबुक किंवा एटीएम कार्डाचं पाकीट उघडलेलं मिळालं.

कार्ड लगेच बंद करून नवं मागवा, चेकचे क्रमांक मोजा, मधलंच पान गेलंय का बघा. नवं पाकीट शाखेतून घ्या. कुणी उघडलं ही चौकशी नंतर. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 वर फोन.

दवाखान्याचा रिपोर्ट घरी येऊ नये असं वाटतं.

लॅबमध्ये नाव नोंदवतानाच सांगा, रिपोर्ट मी स्वतः येऊन घेईन. आणि तिथं दिलेला व्हॉट्सॲप नंबर तुमचाच आहे ना, तेवढं बघा.

आजीला वाचता येत नाही. तिची पत्रं मीच उघडतो. तेही चूकच का?

नाही, पण तिच्यासमोर उघडा आणि सगळं वाचून दाखवा, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगावं लागलं तरी. "काही नाही आज्जी, बँकेचं आहे" असं म्हणून खिशात घालू नका. विडी वळून आयुष्य काढलेल्या बायकांना हिशोब तोंडपाठ असतो, आकडा सांगितला की त्यांना बरोबर कळतं. पेन्शनचं, भविष्य निर्वाह निधीचं पत्र असेल तर जपून ठेवायला एकच डबा करा, आणि तो तिच्याजवळ राहू द्या.

वय झाल्यामुळे विसरतात, दिसेल ते पाकीट फोडतात.

मग बोलून उपयोग नाही, पाकीटच घरी येणार नाही असं करा. बिनकामाची जाहिरातीची पाकिटं त्यांच्या हाती द्यायला हरकत नाही. आणि विसरभोळेपणा नवा असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा.

वारलेल्या माणसाच्या नावानं अजून पत्रं येतात. उघडायची का?

वारसांनी उघडायची, आणि लवकर. विमा, लॉकर, कर्ज, शेअर यांची माहिती त्यातूनच मिळते. एकट्यानं न उघडता दोन वारस बसून उघडा आणि यादी करा. एकानं उघडून दुसऱ्याला उशिरा सांगितलं की भावाभावांत वर्षानुवर्षं संशय राहतो.

पत्रं दाबून ठेवतात, पैसे काढतात, फोनही तपासतात. आता काय?

इथं फ्रिजवरची जागा सांगून काही होणार नाही. स्त्रियांसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि तुमचे पैसे, कागदपत्रं तुमच्यापर्यंत पोचू न देणं यात मांडता येतं. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज भरून घ्यायला मदत करतात. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यांचा मदत क्रमांक 15100. महिला हेल्पलाइन 181, आणि जिवाला धोका वाटला तर थेट 112.

जाण्याआधी दोन कामं करा. आधार, पॅन, बँक पासबुकाच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आणि कुठलं पत्र, कधी पाठवलेलं, कधी नि कुठं सापडलं, हे तारखेसह लिहून ठेवा, पण घरातल्या वहीत नको.

पोस्टमनला सांगितलं तर तो घरी जाऊन बोलेल का?

शक्यता आहे, कारण तो तुमच्या सासऱ्यांना तुमच्या आधीपासून ओळखतो. म्हणून त्याला रस्त्यात गाठून तोंडी सांगण्यापेक्षा पोस्टमास्तरांना लेखी द्या आणि पोच घ्या.